वालाच्या शेंगेपासून पीएच.डी.पर्यंत: जीवशास्त्र, बायोइन्फॉर्मेटिक्स आणि शाश्वत अन्नाच्या संशोधनात करिअर कसं करायचं?

बारावी सायन्सला बायोलॉजी घेतलं की घरात एकच प्रश्न येतो, "नीटचं काय?" नीटमध्ये नाही जमलं की दुसरा प्रश्न, "मग आता बी.एस्सी. करून काय करणार?" या दुसऱ्या प्रश्नाचं नीट उत्तर मराठीत फारसं सापडत नाही. म्हणून हा लेख. यात मी तीन गोष्टी सांगणार आहे: या क्षेत्रात नेमकं काम काय असतं, तिथे पोचायला कोणत्या परीक्षा आणि किती वर्षं लागतात, आणि हातातल्या मोबाईलवर आजपासून काय सुरू करता येतं. पैशांचं गणितही मांडणार आहे, कारण ते न सांगता करिअरचा सल्ला देणं बरोबर नाही.

उदाहरण म्हणून मी आपला अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्हा घेतलाय. कारण एका बियाण्यापासून संगणकापर्यंतची साखळी समजून घ्यायला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी या एकाच जिल्ह्यात आहेत.

## आधी तीन शब्द समजून घेऊ

जीवविज्ञान, म्हणजे लाईफ सायन्सेस: वनस्पती, प्राणी, जिवाणू, पेशी, जनुकं या सगळ्यांचा अभ्यास. बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी ही याच झाडाची फांदी-फांदी.

बायोइन्फॉर्मेटिक्स: जीवशास्त्रातली माहिती संगणकाने वाचणं. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब ओळ. ती ओळ माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम लागतात.

शाश्वत अन्न: आज पोट भरेल आणि उद्या जमीन, पाणी, बियाणं संपणार नाही, अशा पद्धतीने अन्न पिकवणं, टिकवणं आणि खाणं. कमी पाण्यावर येणारं पीक, लोह जास्त असलेली बाजरी, रोगाला तोंड देणारं डाळिंब हे सगळं यात आलं.

हे तीन वेगवेगळे कोर्स वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच कामाचे तीन टप्पे आहेत. कसे ते बघू.

## एका बियाण्याचा प्रवास: कोंभाळणे ते संगणक

अकोले तालुक्यात कळसूबाईच्या परिसरात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई सोमा पोपेरे यांना आपण 'बीजमाता' म्हणून ओळखतो. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भात, नागली अशा पिकांची गावरान बियाणी जपली आणि बचत गटाच्या बायकांना सोबत घेऊन बियाणे बँक उभी केली. बाएफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली. 2018 मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या 100 महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता यातला फक्त वाल घ्या. वालाचं शास्त्रीय नाव 'लॅबलॅब पर्प्युरियस'. गहू, तांदूळ, मका यांच्यावर जगभर अमाप संशोधन होतं. वालासारख्या पिकांकडे मात्र अनेक वर्षं फार कमी शास्त्रज्ञ वळले. शास्त्रात अशा पिकांना 'अनाथ पिकं' असंच म्हणतात.

2023 मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या मासिकात वालाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. या कामात पुढाकार होता आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांचा. केनियात नैरोबी इथल्या संशोधन संस्थेत त्यांनी 'मिनआयन' नावाचं, स्टेपलरएवढं छोटं डीएनए वाचणारं यंत्र वापरलं. या कामातून एक मजेशीर गोष्ट पक्की झाली: माणसाने वाल एकदा नाही, तर दोनदा स्वतंत्रपणे शेतीत आणला.

वालाचा जनुकसंच सुमारे 42 कोटी अक्षरांचा आहे. एका पानावर 3,000 अक्षरं छापली तर 1 लाख 40 हजार पानं होतील. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये मात्र तेच साधारण 420 एमबीमध्ये बसतं, म्हणजे मोबाईलवरच्या एका सिनेमाच्या फाईलपेक्षा लहान! अर्थात ही झाली शेवटची स्वच्छ फाईल. यंत्रातून निघणारा कच्चा डेटा याच्या कितीतरी पट मोठा असतो, कारण प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. ते तुकडे जोडून सलग ओळ तयार करणं हे बायोइन्फॉर्मेटिक्सचं काम.

आता मुद्दा लक्षात घ्या. वालाच्या एका झाडाचा जनुकसंच पूर्ण वाचला, म्हणजे अकोल्यातल्या प्रत्येक गावरान वाणाबद्दल सगळं कळलं असं होत नाही. कोणता वाण कमी पाण्यात तग धरतो, कोणत्याला कीड कमी लागते, कोणता लवकर शिजतो, हे त्या बायकांना माहीत आहे. कोणत्या जनुकामुळे तसं होतं, हे शोधायची साधनं शास्त्रज्ञांकडे आहेत. या दोघांच्या मध्ये उभी राहणारी, दोन्ही भाषा येणारी माणसं कमी आहेत. माझ्या मते या क्षेत्रातली खरी जागा तीच आहे. आणि ज्याच्या आजीने राख लावून बियाणं ठेवलेलं पाहिलंय, असा मुलगा किंवा मुलगी तिथे दोन पावलं पुढेच असते.

## या साखळीत कोणकोणती कामं असतात?

1. गोळा करणं आणि जपणं. गावोगावी जाऊन बियाणं आणि त्याची माहिती घेणारे, जनुकपेढीत ते ठेवणारे लोक. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुक संसाधन ब्युरोत साडेचार लाखांहून जास्त नमुने थंड खोल्यांमध्ये जपलेले आहेत. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 10 लाख नमुन्यांसाठी दुसरी राष्ट्रीय जनुकपेढी जाहीर झाली. आपल्या राज्याने 2022 मध्ये 'महाराष्ट्र जनुक कोष' प्रकल्पाला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी 172.39 कोटी रुपये. त्यात स्थानिक पिकांची बियाणी आणि देशी जनावरांच्या जाती हे विषय आहेत.

2. शेतात तपासणं आणि नवा वाण तयार करणं. यासाठी आपल्याकडे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, स्थापना 1968. सोलापूर-नाशिकपासून परदेशी बाजारापर्यंत गेलेला 'भगवा' डाळिंबाचा वाण याच विद्यापीठाचा. इथल्या शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर 'धनशक्ती' ही बाजरी तयार केली. तिच्यात किलोला सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असतं. भारतात लोह वाढवून मुद्दाम प्रसारित केलेला हा पहिला वाण. पुढे 2018 पासून देशात बाजरीच्या नव्या वाणासाठी किलोला किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त अशी अटच आली. रक्त कमी असलेल्या बाईच्या ताटातल्या भाकरीपर्यंत संशोधन पोचतं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

3. प्रयोगशाळेत डीएनए, प्रथिनं, जिवाणू तपासणं. डाळिंबावरचा तेल्या सगळ्यांना माहीत आहे. तो 'झॅन्थोमोनास' नावाच्या जिवाणूमुळे होतो. तो जिवाणू ओळखणं, त्याला तोंड देणारी झाडं शोधणं हे मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेकवाल्यांचं काम.

4. संगणकावर विश्लेषण. हा बायोइन्फॉर्मेटिक्सचा टप्पा. बाजरीचा जनुकसंच 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 38,579 जनुकं मिळाली. त्यातली दुष्काळाशी संबंधित कोणती, हे शोधायला प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र लागतं. सरकारी पैशांतून तयार होणारा असा डेटा ठेवण्यासाठी फरिदाबादला 'इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर' 2022 मध्ये सुरू झालं.

5. शेतकऱ्यापर्यंत आणि ताटापर्यंत पोचवणं. अन्न प्रक्रिया, टिकवण, पोषण, आणि ॲपसुद्धा. पिकाला किती आणि कधी पाणी द्यायचं ते सांगणारी 'फुले जल' आणि 'फुले इरिगेशन शेड्यूलर' ही ॲप राहुरी विद्यापीठाचीच.

बघा, पांढरा कोट घालून मायक्रोस्कोपमध्ये डोकावणारा माणूस हे या पाचपैकी फक्त एका टप्प्याचं चित्र आहे. शेतात फिरायला आवडत असेल तर पहिला-दुसरा टप्पा, गणित-कोडिंग आवडत असेल तर चौथा, स्वयंपाकघर आणि रसायनशास्त्र दोन्ही आवडत असेल तर पाचवा.

## रस्ता कोणता? दोन मोठे मार्ग

### मार्ग पहिला: कृषी

- बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी किंवा त्याच गटातली कृषी जैवतंत्रज्ञान, अन्न तंत्रज्ञान अशी पदवी. ही चार वर्षांची असते.
- पुढे एम.एस्सी. कृषी, दोन वर्षं. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांसाठी (राहुरी, अकोला, परभणी, दापोली) राज्याच्या कृषी परिषदेची प्रवेश परीक्षा असते. राज्याबाहेरच्या आणि केंद्रीय संस्थांसाठी आयसीएआरची परीक्षा.
- मग पीएच.डी. आणि त्यानंतर शास्त्रज्ञ किंवा सहायक प्राध्यापकाची भरती. कृषीमध्ये सहायक प्राध्यापक व्हायला 'एएसआरबी नेट' ही वेगळी परीक्षा आहे. तिची सीएसआयआर नेटशी गल्लत करू नका.

### मार्ग दुसरा: मूलभूत विज्ञान

- बारावीनंतर जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. (बॉटनी, झूलॉजी, मायक्रो, बायोटेक, केमिस्ट्री). किंवा आयसर संस्थांची प्रवेश परीक्षा 'आयएटी', किंवा 'नेस्ट' देऊन थेट पाच वर्षांचा कोर्स. पुण्यात आयसर 2006 पासून आहे.
- एम.एस्सी.साठी परीक्षा बऱ्याच आहेत: आयआयटींसाठी 'जॅम', बायोटेकसाठी 'गॅट-बी', केंद्रीय विद्यापीठांसाठी 'सीयूईटी पीजी', शिवाय विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्स सेंटर 1987 पासूनचं, देशातल्या जुन्या केंद्रांपैकी एक.
- पीएच.डी.च्या फेलोशिपसाठी मुख्य परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट (लाईफ सायन्सेस). त्याशिवाय डीबीटीची 'बेट' आणि 'गेट' (लाईफ सायन्सेस किंवा बायोटेक) आहेत.

नगरहून जवळ असलेल्या संस्था सांगतो, म्हणजे नकाशा डोक्यात बसेल. पुण्यात आघारकर संशोधन संस्था (गव्हाच्या वाणांसाठी प्रसिद्ध), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि द्राक्ष संशोधन केंद्र. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आणि सोलापूरला डाळिंब संशोधन केंद्र. म्हणजे कांदा, द्राक्ष, डाळिंब आणि दुष्काळ या आपल्या चारही विषयांच्या राष्ट्रीय संस्था एसटीच्या अंतरावर आहेत.

## सीएसआयआर नेटचा पेपर असतो कसा?

परीक्षा तीन तासांची, 200 गुणांची. लाईफ सायन्सेसचा पेपर असा:

- भाग अ: सामान्य बुद्धिमत्ता आणि गणित. 20 पैकी 15 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण.
- भाग ब: विषयाचे साधे प्रश्न. 50 पैकी 35, प्रत्येकी 2 गुण.
- भाग क: विचार करायला लावणारे, प्रयोगांवरचे प्रश्न. 75 पैकी 25, प्रत्येकी 4 गुण.

चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे 25 टक्के गुण कापले जातात. आता हिशोब बघा: एकूण 200 पैकी 100 गुण एकट्या भाग क मध्ये, तेही फक्त 25 प्रश्नांना. म्हणून नुसतं पाठांतर करणारा इथे अडकतो. आलेख वाचता येणं, "हा प्रयोग असा का केला?" हे विचारता येणं, याची तयारी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच करा.

पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, पण एक सवय लावा: रोज एक इंग्रजी परिच्छेद वाचायचा आणि तो मित्राला मराठीत समजावून सांगायचा. मराठीत सांगता आला तरच तो समजला असं धरायचं.

## पैशांचं आणि वर्षांचं स्पष्ट गणित

1 जानेवारी 2023 पासून केंद्र सरकारच्या जेआरएफचा दर महिना 37,000 रुपये आहे. दोन वर्षांनी काम तपासून एसआरएफ होते, तेव्हा 42,000. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षं पूर्ण मिळाली तर:

- पहिली 2 वर्षं: 24 × 37,000 = 8,88,000
- पुढची 3 वर्षं: 36 × 42,000 = 15,12,000
- एकूण: 24 लाख रुपये

ऐकायला चांगलं वाटतं. आता दुसरी बाजू. बारावी अठराव्या वर्षी धरली, तर पदवी आणि एम.एस्सी. होईपर्यंत तेवीस-चोवीस. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं. प्रत्यक्षात बहुतेकांची पाच धरा. म्हणजे एकोणतिसावं वर्ष. मूलभूत विज्ञानात त्यानंतर अनेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक करावं लागतं. सहायक प्राध्यापक किंवा आयसीएआरच्या शास्त्रज्ञाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, पण जागा मर्यादित असतात आणि भरती दरवर्षी होईलच असं नाही.

फेलोशिपचे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात येतीलच, असं गृहीत धरून कर्जाचा हप्ता लावू नका. कागदपत्रांमुळे ते लांबतात आणि मग दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. म्हणून निदान तीन महिने निघतील एवढी शिल्लक बाजूला ठेवायची सवय पहिल्याच वर्षी लावा. घरी शेती असेल आणि सगळी भिस्त तुमच्यावर असेल, तर हे गणित आई-वडिलांसमोर कागदावर मांडा. "पीएच.डी. झाली की सगळं नीट होईल" असं नुसतं म्हणण्यापेक्षा कोणत्या वर्षी किती येणार, हे सांगितलेलं त्यांनाही बरं वाटतं.

जेआरएफ नाही मिळाली तर सगळं संपलं का? नाही. राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग) यांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत. जागा आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या-त्या संस्थेच्या वेबसाईटवरची जाहिरातच बघा, फॉरवर्ड आलेला मेसेज नाही. बारावीला खूप वरचे गुण असतील आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतला असेल, तर 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती वर्षाला 80,000 रुपयांची आहे.

## मोबाईलवर आजच करून बघा: वालाची जनुकीय ओळख

थिअरी पुष्कळ झाली. आता हे करा. मी साध्या अँड्रॉईड फोनवर करून बघितलंय, दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि एक रुपयाही नाही.

1. ब्राउझरमध्ये 'एनसीबीआय' शोधा. ही अमेरिकेतली सरकारी संस्था आहे, 1988 पासूनची. जगभरच्या डीएनएच्या नोंदी इथे फुकट बघता येतात.
2. वर शोधायच्या चौकटीशेजारी यादी असते, तिथून 'न्यूक्लिओटाईड' निवडा. ब्राउझर डेस्कटॉप मोडवर ठेवला तर सोपं जातं.
3. वालाचं शास्त्रीय नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाका आणि पुढे 'आरबीसीएल' ही चार अक्षरं. हे जनुक पानांच्या हरितलवकात असतं. वनस्पती ओळखायच्या 'डीएनए बारकोड'साठी 2009 मध्ये जी दोन जनुकं सुचवली गेली, त्यातलं हे एक.
4. एखादी नोंद उघडा. 'फास्टा' या शब्दावर दाबा. ए, टी, जी, सी या चार अक्षरांची ओळ दिसेल. हेच ते!
5. त्याच पानावर 'रन ब्लास्ट' असा दुवा असतो. तो दाबा आणि पुढच्या पानावर ब्लास्टचं बटण. मिनिटभर थांबा.

ब्लास्ट काय करतं? तुमची ओळ घेऊन जगातल्या नोंदींशी ताडून बघतं, जसं अनोळखी नंबर आला की आपण कॉन्टॅक्टमध्ये शोधतो. निकालात वर वाल येईल, आणि खाली कडधान्यांच्या कुटुंबातली भावकी. प्रत्येकासमोर किती टक्के जुळतं तो आकडा असतो. आता स्वतःला प्रश्न विचारा: चवळी जास्त जवळची की हरभरा? तुम्ही प्रश्न विचारला आणि डेटा बघून उत्तर शोधलं. संशोधनाची सुरुवात इथूनच होते.

पुढची पायरी म्हणून 'गॅलक्सी' ही मोफत वेबसाईट बघा. तिथे कोडिंग न करता डीएनएचं विश्लेषण शिकता येतं. पायथन शिकायला 'गुगल कोलॅब' आहे, ते फोनवरही उघडतं. 'स्वयम' आणि 'एनपीटीईएल'वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत. फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर फी लागते. गंभीरपणे काम करायचं ठरलं की मात्र लॅपटॉप लागतोच. नसेल तर कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं वेळापत्रक विचारा. दुपारी ती बऱ्याचदा रिकामी असते.

## दुसरं काम: गावात एक वही सुरू करा

संगणकाचं काम जेवढं महत्त्वाचं, तेवढंच हे. आपल्या गावात कोण जुनं बियाणं ठेवतं त्यांच्याकडे जा. वाणाचं स्थानिक नाव, पेरणी कधी, काढणी कधी, पाणी किती, चव कशी, साठवतात कसं, हे लिहून घ्या. फोनने शेंगेचा आणि बियाण्याचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नका, त्याशिवाय नोंदीला किंमत नाही.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: विचारल्याशिवाय बियाणं उचलायचं नाही. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करायचा हक्क दिलाय. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावात जैवविविधता समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. ज्या बाईने ते बियाणं तीस वर्षं जपलं, तिचं नाव तुमच्या नोंदीत आधी आलं पाहिजे, अर्थात तिची हरकत नसेल तर. चांगली संशोधन संस्था तुमच्याकडून हेच अपेक्षित धरते.

अशी एक वर्षाची नीट ठेवलेली वही एम.एस्सी.च्या मुलाखतीत काय करू शकते, हे वेगळं सांगायला नको. "तुम्हाला संशोधनात रस का आहे?" या प्रश्नाला शंभर जण "लहानपणापासून आवड आहे" म्हणतात. तुम्ही वही पुढे ठेवता.

## या सापळ्यांपासून सांभाळा

- "15 दिवसांत बायोइन्फॉर्मेटिक्स तज्ज्ञ, नोकरीची हमी": अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. शिकवतात तेच बऱ्याचदा वरच्या मोफत साईटवर असतं.
- पैसे घेऊन पेपर छापणारी मासिकं: "तीन दिवसांत प्रकाशित" असा मेल आला की समजून जा. 2022 च्या नियमांत यूजीसीने पीएच.डी. प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का ते विचारा, पण घाईत पैसे भरू नका.
- फक्त संस्थेचं नाव बघून गाईड निवडणं: पाच वर्षं त्या माणसासोबत काढायची असतात. आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा. किती वर्षं लागली, फेलोशिप वेळेवर यायची का, आता ते कुठे आहेत, हे तीन प्रश्न विचारा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बायोइन्फॉर्मेटिक्सला बारावीचं गणित लागतं का?
काही कोर्सना अट असते, काहींना नसते. पण संख्याशास्त्राशिवाय हे काम होत नाही. गणित सोडलं असेल तर मध्य, प्रमाण विचलन, संभाव्यता एवढ्यापासून पुन्हा सुरू करा.

जेआरएफ मिळाली म्हणजे पीएच.डी. पक्की?
नाही. जेआरएफ म्हणजे पैशांची सोय. संस्था, मुलाखत आणि गाईड वेगळे मिळवावे लागतात.

पीएच.डी. न करता या क्षेत्रात राहता येतं का?
हो. एम.एस्सी.नंतर संशोधन प्रकल्पातली पदं, बियाणे कंपन्या, माती-अन्न तपासणी प्रयोगशाळा, अन्न प्रक्रिया उद्योग हे पर्याय आहेत. प्रकल्पातली पदं ठरावीक मुदतीची असतात. पण पीएच.डी. आपल्याला झेपेल का, हे वर्षभर काम करून बघायला ती उत्तम.

मुलींसाठी काही वेगळी सोय?
यूजीसीच्या नियमांत महिलांना पीएच.डी. पूर्ण करायला दोन वर्षं जास्त मिळतात आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. घरी चर्चा करताना हा नियम दाखवा.

कृषी घेऊ की साधी बी.एस्सी.?
शेत, वाण, शेतकरी यांच्याजवळ राहायचं असेल तर कृषी. पेशी, जनुकं, संगणक जास्त ओढत असतील तर मूलभूत विज्ञान. एम.एस्सी.ला काही जण रूळ बदलतात, पण पात्रतेची अट आधी वाचा.

## थोडक्यात

संशोधन हा झटपट पैशांचा रस्ता नाही, आणि फक्त पहिल्या नंबरवाल्यांचाही नाही. सात-आठ वर्षं एकाच प्रश्नामागे राहायची तयारी असेल, घरचं गणित बसत असेल आणि उत्तर चुकलं तरी पुन्हा मोजायचा कंटाळा येत नसेल, तर या. आपल्या जिल्ह्यात प्रश्नांना तोटा नाही: तेल्या आहे, दुष्काळ आहे, बाजरी आहे, डब्यात ठेवलेला गावरान वाल आहे. या आठवड्यात दोनच कामं करा. एक ब्लास्ट चालवून बघा, आणि गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना विचारा, "आजी, तुमच्याकडे जुनं बियाणं कोणतं आहे?"